फिरते कलमदान

लिहिताना आपला डावा हात काय करीत असतो, हा प्रश्न सहसा कुणास पडत नाही. उजवा लिहितो आणि डावा मेजावर नुसता पडून असतो, असाच आपला समज. वस्तुतः तो कागद धरतो, पेनाचे टोपण काढताना पेन आवळतो, चष्म्याचे घर उघडताना त्याचा तळ पकडतो, पान उलटताना शेजारचे पान दाबून ठेवतो. आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा लिहिण्याचे काम डाव्याकडे आले. डाव्याचे काम करावयास मात्र कुणी उरले नाही.

अण्णा आयुष्यभर धर्मशिक्षक होते. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला, त्याच सुमारास त्यांनी सायकलवरून लातूरकडच्या वाड्या-वस्त्या फिरावयास आरंभ केला. लोक त्यांना मास्तर म्हणत. कुणाचा स्नानसंस्कार कधी झाला, कुणाचा विवाह कुठे लागला, या नोंदी धर्मग्रामाच्या दप्तरात आहेतच. परंतु ते कुटुंब मूळचे कुठले, ऊसतोडीला म्हणून गेलेला थोरला मुलगा कोणत्या कारखान्याच्या आसऱ्याने तिकडेच राहिला, भूकंपानंतर कोणते घर कोणत्या नव्या वसाहतीत गेले, ही माहिती दप्तरात नाही. ती अण्णांच्या डोक्यात आहे, आणि शेकडो चिठ्ठ्यांवर आहे. ती सगळी एका वहीत उतरवावयाची, हे काम त्यांनी निवृत्तीनंतर हाती घेतले होते. अर्ध्यावर असताना हात गेला. सहा महिन्यांनी ते डाव्या हाताने अक्षरे गिरवू लागले, पहिलीतल्या मुलासारखी.

आम्ही दोघे भाऊ. एक नोकरीनिमित्त नांदेडला, दुसरा अण्णांजवळ लातूरला. लातूरच्या घरी दिवसातून वीसदा हाक ऐकू येई. पेन घरंगळले, भिंग सापडत नाही, चिठ्ठ्यांचा डबा हात पोचणार नाही इतका दूर गेला. सूनबाई प्रत्येक हाकेला ओ देत. पण हाक मारण्यापूर्वी अण्णा थोडा वेळ गप्प बसून राहत, आणि ते गप्प बसणे आम्हांला पाहवत नसे. मग काही दिवसांनी हाका कमी झाल्या आणि लिहिणेही कमी झाले.

कुणा हितचिंतकाने त्यांना बाजारातील एक प्लॅस्टिकचे फिरते कलमदान आणून दिले. त्याखाली गोळ्यांचे बेअरिंग होते आणि बोट लावताच ते भिंगरीसारखे गरगर फिरे. दोन हातांच्या माणसाला त्याचे कौतुक वाटावे. अण्णांनी पेनासाठी हात घातला की ते कलमदान पेनासकट निघून जाई, कारण दुसऱ्या हाताने त्याला धरावयाचे असते, आणि तो हात तर मांडीवर निजलेला. तेव्हाच आमच्या ध्यानात आले की एका हाताच्या माणसाला वस्तू फिरते कशी यापेक्षा ती थांबते कशी हे अधिक महत्त्वाचे. असे कलमदान बाजारात शोधण्यापेक्षा घरीच करावे, असे आम्ही ठरविले.

प्रथम पुठ्ठ्याचा नमुना केला. चौकोनी कलमदान करावयास सोपे, परंतु फिरणाऱ्या चौकोनाला जागा लागते ती त्याच्या कर्णाची. आठ इंची चौकोन फिरला की मेजावर सव्वाअकरा इंच व्यासाचे वर्तुळ व्यापतो आणि वाटेत येणारी शाईची बाटली पाडतो. अगदी गोल केले तर जागा वाचते, पण दुबळी बोटे गुळगुळीत गोलावरून घसरतात. म्हणून कोपरे छाटून अष्टकोन केला. समोरासमोरच्या बाजूंत आठ इंच अंतर ठेवले तरी तो फिरताना पावणेनऊ इंचांच्या आत राहतो, आणि त्याचे कोपरे बोटाला धरावयास पुरेसे धारदार असतात. शिवाय आठ कप्प्यांपैकी कोणताही कप्पा, डावीकडे वा उजवीकडे, फार तर चार टप्प्यांवर असतो.

चौकोनातून अष्टकोन काढण्याची रीत सोपी आहे. चौकोनाच्या एका कोपऱ्यावर कंपासाचे टोक ठेवावे, मध्यबिंदूपर्यंत तो उघडावा आणि तेवढेच अंतर लगतच्या दोन्ही बाजूंवर उतरवावे. चारही कोपऱ्यांवरून असे केले की आठ खुणा मिळतात आणि त्या जोडल्या की अष्टकोन तयार. अण्णांना आकृती दाखविली तेव्हा ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हे तर स्नानसंस्काराचं कुंड." धर्मशिक्षकाची नजर ती. प्राचीन ख्रिस्तसभेत ही कुंडे बहुधा अष्टकोनी बांधीत. सृष्टीचे सात दिवस, आणि प्रभूच्या पुनरुत्थानाचा तो आठवा. मिलान येथे इ. स. ३८७ साली संत अ‍ॅम्ब्रोज यांच्या हस्ते संत ऑगस्टीन यांचा स्नानसंस्कार झाला ते कुंडही अष्टकोनीच होते. त्याचे अवशेष तेथील महामंदिराच्या पोटात आजही पाहावयास मिळतात. आम्ही जागेचा आणि बोटांचा हिशेब करून जेथे पोचलो होतो तेथे अण्णा दुसऱ्याच वाटेने आले, आणि त्या दिवसापासून त्यांनी या कामात लक्ष घातले.

मग लाकडाचा प्रश्न आला. नांदेड जिल्ह्यात राहून सागवानाची चणचण वाटू नये. किनवटचे सागवान सर्वत्र प्रसिद्ध आहे. नांदेडच्या भावाने चौकशीही केली. पण औसा तालुक्यातील आमच्या जुन्या घराचे लाकूड नव्या वसाहतीतील गोठ्यात पत्र्याखाली रचून ठेवलेले होते, आणि त्याला कुणी हात लावला नव्हता.

त्या लाकडाविषयी थोडे सांगितले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन आटोपून गावे निजली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतील सुमारे १०,००० माणसे त्यात गेली आणि पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. आमच्याकडची जुनी घरे माळवदाची. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांच्या आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि फळ्या, आणि या सगळ्यावर फूट-दोन फूट जाडीचा मातीचा थर. उन्हाळ्यात असे घर थंड राहते, म्हणून ती माती दर वर्षी थोडी थोडी वाढतच जाते. माणसे मेली ती या भिंतींच्या दगडांखाली आणि या मातीखाली. पण ज्या घरांत छपराचा भार भिंतींवर नव्हता, खांबांवर होता, तेथे अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही खांबांचा सांगाडा उभा राहिलेला लोकांनी पाहिला. आमच्या घरी मधल्या खणाचे खांब उभे राहिले. ओसरीकडची तुळई खाली आली. आई ओसरीवर निजली होती.

गोठ्यातले लाकूड वापरावे का, हे अण्णांना विचारावयास आम्ही दोन महिने घेतले. त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या जपमाळेनंतर म्हणाले, "तुळई नको. खांब घ्या."

खांब कडुनिंबाचा होता, पाच इंच चौरस आणि सात फूट उंच. नांदेडच्या इतवाऱ्यात एक वृद्ध सुतार आमच्या ओळखीचे. त्यांनी खांबावर लोहचुंबक फिरवून आत मोडलेले दोन खिळे शोधून काढले आणि मगच करवत लावू दिली. कडुनिंबाविषयी त्यांचे मत फारसे चांगले नव्हते. याचे रेषे एकमेकांत गुंतलेले असतात, रंध्याखाली ते उलटतात, आणि पॉलिशची झळाळी याला चढत नाही, असे ते म्हणाले. याला कीड लागत नाही, एवढा गुण त्यांनी मान्य केला. पोरे सागवान सोडून असले काम का आणतात, असे पुटपुटतच त्यांनी तीन सूत जाडीच्या फळ्या पाडल्या. आत लाकूड तांबूस निघाले. इतक्या वर्षांनंतरही रंध्याच्या भुशाला कडवट वास होता.

अष्टकोनाच्या आठ फळ्या एकमेकींना भिडविण्यासाठी प्रत्येकीच्या कडा साडेबावीस अंशांत तिरक्या कराव्या लागतात. सुताराचा गुण्या काटकोनाचा. हा कोन कसा काढावा याचा विचार चालू असता नांदेडच्या भावाच्या शाळकरी मुलीने कागदाचा काटकोनी कोपरा घेतला, त्याची एक घडी घातली, पुन्हा एक घडी घातली आणि तो सुतारांपुढे ठेवला. नव्वदाचे पंचेचाळीस आणि पंचेचाळीसाचे साडेबावीस. सुतारांनी तो कागद फळीला लावून पाहिला, दोनदा पाहिला, आणि खिशात ठेवून दिला.

बसल्या जागी वस्तू आपल्यापर्यंत फिरवून आणावी ही कल्पना काही आमची नव्हे. आगोस्तिनो रामेल्ली या इटालियन अभियंत्याने १५८८ साली पॅरिस येथे यंत्रांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पाणचक्कीसारखे एक उभे चाक रेखाटले आहे. त्याच्या फळ्यांवर पुस्तके उघडी ठेवावयाची आणि खुर्चीवर बसून चाक फिरवावयाचे. आतल्या दातेरी चाकांमुळे फळ्यांचा कल कायम राहतो आणि पुस्तके खाली पडत नाहीत. हे यंत्र विद्वानांच्या चैनीसाठी असावे असे चित्र पाहून वाटते. परंतु सांधेदुखीने जखडलेल्या रुग्णांना ते विशेष उपयोगी पडेल, असे रामेल्लीने स्वतःच म्हटले आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या मोंटिसेलो येथील घरात पाच पुस्तके एकाच वेळी उघडी ठेवता येतील असा फिरता लाकडी आधार होता. आणि आपल्या वाचकांपैकी ज्यांनी बंदिस्त मठ पाहिला असेल त्यांना तेथील भिंतीत बसविलेले फिरते लाकडी कपाट ठाऊक असेल. बाहेरच्याने त्यात वस्तू ठेवावी, कपाट फिरवावे, आणि आतल्या भगिनीने ती घ्यावी. कुणी कुणाचा चेहरा पाहात नाही. असो. आम्हांला हवे होते ते याहून पुष्कळ लहान, आणि त्याला एक गोष्ट अधिक हवी होती, थांबणे.

रचना पुढीलप्रमाणे ठरली. खाली नऊ इंच व्यासाची लाकडी बैठक. ती खांबाच्या दोन फळ्या जोडून केली आणि तिच्या पोटाशी इंचभर जाडीची गोल शहाबादी फरशी घट्ट बसविली. एकट्या फरशीचेच वजन पावणेतीन किलोच्या आसपास भरले. वजन नसेल तर एका हाताने ढकलताना कलमदान फिरण्याऐवजी सरकते. फरशीखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटविले. बैठकीच्या मध्यभागी बाभळीची इंचभर जाड आणि चार इंच उंच खुंटी उभी केली. बाभूळ आमच्याकडे गाडीच्या चाकाच्या तुंब्याला वापरतात, झिजेला ती कुणाला हार जात नाही. खुंटी आखूड ठेवली तर एका बाजूने दाब पडताच वरचा भाग डुलतो, म्हणून ती उंच हवी. अष्टकोनाच्या मध्यभागी एक भरीव ठोकळा, आणि त्याला खालून पाडलेले भोक या खुंटीवर टोपीसारखे बसते. भोकात चर्चमधील मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे वितळवून चोळले.

खुंटीच्या टोकाला खळगा करून त्यात काचेची गोटी ठेवली. वरचा सगळा भार त्या गोटीवर टेकला की कलमदान अगदी हलके फिरते. कुंभाराचे चाकही असेच एका टोकावर तोललेले असते. आणि येथेच अडचण होती, कारण हलके फिरणे आम्हांला नको होते. गोटी काढावी तर लाकडावर लाकूड घासून ते जड होई. बैठक आणि वरचा भाग यांच्यामध्ये घोंगडीचा गोल तुकडा घातला. भार त्याच्यावर आला की तो लगामासारखा ओढून धरी, पण मग डाव्या हाताला फिरवणेच कठीण. थोडा भार गोटीवर आणि थोडा घोंगडीवर, अशी वाटणी कशी करावी?

नांदेडहून फोनवर ही अडचण अण्णांना सांगत होतो. झटक्यानंतर त्यांचे बोलणे सावकाश झाले आहे, वाक्य संपेपर्यंत थांबावे लागते. ते म्हणाले, "तुमची आई... तूर भरडताना... चिंधी घालायची."

लातूर हा तुरीचा मुलूख. पीठ दळावयाचे तर जात्याचे दोन्ही दगड अगदी लगटून हवेत. डाळ भरडावयाची तर मात्र वरचा दगड केसभर उचलावा लागतो, नाहीतर डाळीचे पीठ होते. त्यासाठी आई मधल्या खुंटीभोवती चिंधीचे वेटोळे घाली. किती जाड वेटोळे घालावे हे ती जात्याच्या आवाजावरून ठरवी. एक फेरा मारी, ऐके, आणि चिंधी काढून पुन्हा गुंडाळी. आम्ही दोघेही तेव्हा तिच्यासमोर बसून तूर मुठीने घालीत असू. गेली तीस वर्षे आमच्यापैकी कुणाला त्या चिंधीची आठवण झाली नव्हती.

आम्ही पोस्टकार्डाच्या लहान चकत्या कापल्या आणि गोटीखाली एकेक घालून पाहिली. एक चकती वाढविली की वरचा भाग तेवढाच उचलला जातो आणि घोंगडीवरचा भार कमी होतो. तीन चकत्यांवर फिरणे सैल वाटले, एकीवर जड. दोन चकत्यांवर अण्णांच्या हाताला हवे ते सापडले. एका बोटाने ढकलले तर फिरते, आणि बोट काढताच जागच्या जागी उभे राहते.

तरीही कप्पा नेमका समोर आला की नाही, हे कळावयास हवे होते. अण्णांची नजरही आता पूर्वीची नाही. म्हणून अष्टकोनाच्या तळाशी बसविलेल्या गोल चकतीच्या कडेला आठ खाचा पाडल्या आणि बैठकीवर बांबूची एक कामटी अशी बसविली की तिचे टोक प्रत्येक खाचेत अलगद पडावे. कामटी पातळ करण्यात एक संध्याकाळ गेली, कारण जाड कामटी खाच सोडीत नाही आणि फार पातळ असली तर खाच आल्याचे कळतही नाही. आता प्रत्येक कप्पा समोर येताच 'टक्' असा कोरडा आवाज होतो. पवित्र गुरुवारी घंटा मुक्या होतात त्यानंतर वाजवावयाच्या लाकडी खडखड्याचा हा आवाज आहे, असे अण्णांचे म्हणणे.

कलमदान नांदेडहून लातूरला एस.टी.ने आले, लोहा, अहमदपूर, चाकूर करीत, मांडीवर. पोत्यात गुंडाळलेल्या त्या वजनदार गोल वस्तूकडे पाहून कंडक्टरने जाते आहे का म्हणून विचारले. आम्ही हो म्हणालो. ते बरेचसे खरे होते.

लातूरच्या मुक्कामात एक संध्याकाळ गंजगोलाईत गेली. ही गोलाई ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी एवढे सांगतो की तिच्यात सोळा रस्ते येऊन मिळतात. सराफा, चपला, मिरची, गूळ, ज्याचा त्याचा रस्ता वेगळा, आणि मध्यभागी जगदंबेचे देऊळ. आम्ही लहान असताना अण्णा आम्हांला सायकलवर बसवून या गोलाईला फेरी मारीत आणि कोणत्या रस्त्यावर काय मिळते ते पाठ करून घेत. घरी येऊन हे बोलणे निघाले तेव्हा ते कलमदानाकडे बोट दाखवून म्हणाले, "आता गोलाईच आपल्याकडं येते."

कप्प्यांत काय ठेवावयाचे हे त्यांनी स्वतः ठरविले आणि आमची एकही सूचना मानली नाही. आम्ही औषधे सर्वांत समोर ठेवली होती, ती त्यांनी मागे नेली. समोर पेन, त्याच्या डावीकडे भिंग आणि उजवीकडे चष्मा. चिठ्ठ्यांसाठी दोन कप्पे, लिहून झालेल्यांचा एक आणि राहिलेल्यांचा एक, एकमेकांसमोर. जपमाळेला एक संपूर्ण कप्पा. पेनाच्या कप्प्यात तळाशी आम्ही लाकडाची एक चिमटी बसविली आहे. तिच्यात टोपण अडकते आणि पेन एका हाताने ओढून निघते. हात डावा असल्यामुळे कलमदान वहीच्या डाव्या अंगाला ठेवावे लागते, आणि वहीच्या पानावर उरलेल्या फरशीचा एक तुकडा असतो, तो हरवलेल्या हाताचे काम करतो.

हाका आता अजिबात येत नाहीत असे नाही. पाणी लागते, उठावयास आधार लागतो. पण दुपारी जेवणे झाल्यावर मेजावरून टक्, टक् असा आवाज येतो, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा दोनदा टक्. सूनबाई स्वयंपाकघरातून तो मोजतात. चार वाजून गेले आणि आवाज आला नाही तर त्या डोकावून पाहतात.

वहीत गेल्या नाताळापर्यंत एकवीस गावे झाली होती. अक्षर मोठे आणि वाकडे आहे, एका पानात दोन कुटुंबे जेमतेम मावतात. औशाकडची आमच्या स्वतःच्या गावाची पाने त्यांनी अजून घेतलेली नाहीत. त्या चिठ्ठ्या राहिलेल्यांच्या कप्प्यात सर्वांत खाली आहेत.

उन्हाळ्यात कलमदान सैल झाले. घोंगडी दबून पातळ झाली होती आणि सगळा भार गोटीवर गेला होता. आम्ही वरचा भाग उचलून पोस्टकार्डाची एक चकती काढली आणि ते पुन्हा पूर्वीसारखे उभे राहू लागले. काढलेली चकती टाकून देत होतो, तर अण्णांनी ती मागून घेतली आणि आठव्या, रिकाम्या कप्प्यात ठेवली. नवी घोंगडी घातली की परत लागेल, म्हणाले.